मला न चिकटलेले डबे

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे. काळा, तळहाताएवढा, मधोमध भोक असलेला. एका कडेचा टवका उडाला आहे. अंगावर लोखंडाच्या किसाची लव चढली आहे, ती कितीही पुसली तरी जात नाही. मला पाहून कोणाला वाटणार नाही की याच्यापाशी सांगण्यासारखं काही असेल. पण पडून राहणाऱ्याकडे आठवायला वेळ फार असतो.

कारखान्याच्या भट्टीतून निघालो तो थेट एका मोठ्या स्पीकरच्या पोटात बसलो. लोक गाणी ऐकायचे आणि वाहवा करायचे ती गाणाऱ्याची. पुढे स्पीकरचा पडदा फाटला. एका शिंप्याने मला त्यातून उचकटून काढलं आणि भोकात सुतळी ओवली. मग रोज संध्याकाळी मी त्याच्या दुकानाच्या फरशीवरून सरपटत पडलेल्या सुया-टाचण्या गोळा करू लागलो. कोणाच्या पायात सुई गेली नाही की श्रेय झाडूला मिळायचं. असो.

त्या दुकानात एक मावशी काजं-बटणं करायची. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. आधी ती सुईत दोरा ओवून द्यायला शेजारच्या कारागिराला सांगू लागली. मग तिच्या हातून सुया पडू लागल्या. शेवटी एकदा तिने पांढऱ्या शर्टाला पिवळी बटणं लावली. शिंपी मनाचा वाईट नव्हता, पण गिऱ्हाइकांपुढे त्याचाही इलाज नव्हता.

"मावशी, आता घरी आराम करा," तो म्हणाला आणि ती निघाली तेव्हा मला तिच्या हातात ठेवलं. "हा असू द्या. तुमच्या सुया शोधायला लागेल."

"सुया नेल्या तर ना," मावशी म्हणाली. पण मला तिने नेलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन केलं की दिसेल. पैशाची सोय तेवढी करा. दर रविवारी तिचा पुतण्या येऊन बसायचा. "काकू, एकटीने किती दिवस काढणार? आमच्याकडे चला. एका कोपऱ्यात खाट टाकू."

तो गेला की मावशी मला म्हणायची, "खाट टाकतील, आणि तिच्यावर मला टाकतील. मग कोण विचारतंय?" ती एक खोली, तिची किल्ली आणि स्वतःचा चहा स्वतः करून पिणं, एवढंच तिच्यापाशी होतं. डोळे गेले असते तर तेही गेलं असतं.

म्हणून ती इमारतीतल्या शेजाऱ्यांचे रिकामे डबे गोळा करून भंगारात विकू लागली. थंड पेयांचे डबे ॲल्युमिनियमचे, त्यांना भाव बरा. मटारचे, मासळीचे डबे पत्र्याचे, त्यांना जेमतेम. तिला फरक दिसत नाही हे ओळखून भंगारवाला सगळंच पत्र्याच्या भावात घ्यायचा. तेव्हा तिला माझी आठवण झाली. ती डबा हातात घ्यायची आणि मला टेकवायची. टक झालं की पत्रा. काहीच झालं नाही की ॲल्युमिनियम.

पुढच्या खेपेला भंगारवाला म्हणाला, "मावशी, सगळं मिसळलेलंच दिसतंय." तिने मला त्याच्यापुढे धरलं. "दिसतंय ना? मग आता याला विचारू."

तो हसला. "वकील घेऊनच आलात की." त्या दिवसापासून तिला भाव नीट मिळू लागला. सगळ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच.

पण माझं दुःख तुम्हाला कळलं का? जो मला बिलगायचा तो डबा कवडीमोलाचा. ज्याला मोल होतं तो माझ्या अंगावरून गुळगुळीत घसरून जायचा. मी शेकडो डब्यांना भेटलो, पण ज्यांच्यासाठी ती मला घेऊन हिंडली त्यातला एकही माझ्यापाशी थांबला नाही.

ती मात्र प्रत्येक दारात थांबायची. एकेक डबा तपासायला वेळ लागायचा. मग घरातली माणसंही दाराशी टेकायची, नळ कुठे गळतो, कोणाची सून काय म्हणाली, सगळं निघायचं. सगळ्यात जास्त वेळ जायचा तिसऱ्या मजल्यावर. तिथे एक म्हातारे घड्याळजी एकटेच राहत. टेबलावर अजून दोन-चार घड्याळं उघडून बसलेली असत.

"बाई, तो राक्षस उंबऱ्याच्या आत आणायचा नाही," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "माझी घड्याळं वेडी होतील." म्हणून तेच स्टूल घेऊन बाहेर येत. मावशी पायरीवर बसे. ते विकतचे डबाबंद मटार-मासळीच खायचे, त्यामुळे त्यांचे सगळे डबे पत्र्याचे. टक, टक, टक.

"आज तरी एखादा निसटला का?"

"नाही हो. तुमचं नशीबच चिकट."

ते दोघं हसायचे. सगळ्यात कमी पैसे त्या दारातून मिळायचे, आणि तिथून ती सगळ्यात उशिरा निघायची.

पैसे साठले. ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, मावशी घरी आली, आणि तिने पहिल्यांदा मला नीट पाहिलं. "अगं बाई, असला आहे होय हा," म्हणत तिने मला लोखंडी कपाटाला लावून ठेवलं. मी चिकटलो. पुतण्या येऊन खाटेची गोष्ट न काढता परत गेला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? पण आता तिला माझी गरज नव्हती.

डबा लांबूनच ओळखू येई. दारात उभ्या उभ्या पिशवी घेऊन ती पुढे जाई. अंधार पडायच्या कितीतरी आधी घरी. एकटी माणसं भांड्यांशी बोलतात, ती माझ्याशी बोलायची. "आज झटपट झालं," ती म्हणायची. मग हात मांडीवर ठेवून बसून राहायची.

एके संध्याकाळी म्हणाली, "घड्याळजींनी डबे धुऊन बाहेरच ठेवले होते. दार बंद. मीच मागच्या वेळी म्हणाले ना, घाईत आहे म्हणून." तिने पिशवी खाली ठेवली. "कसली घाई होती मला?"

मग तिने मला कपाटावरून ओढून काढलं, त्यांच्या डब्यांची पिशवी उचलली आणि जिने चढली. दार वाजवलं.

"काही राहिलं का?" घड्याळजींनी दार अर्धंच उघडलं.

"तपासायचं राहिलं."

"आता दिसतं ना तुम्हाला?"

"दिसतं की. सगळे पत्र्याचे आहेत." असं म्हणून ती पायरीवर बसली.

ते आत गेले. मला वाटलं, आता दार लागणार. पण ते स्टूल घेऊन आले. टक, टक, टक. सगळे डबे तपासून झाले, तेव्हा मावशीने पहिला डबा पुन्हा उचलला.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणत नाही. टवका उडालेल्या चुंबकाला कोण जपतं? पण तुमच्या दारात कोणी रिकामे डबे मागायला आलं, तर पिशवी हातात देऊन लगेच दार लावू नका. डबे त्याला हवेतच. आधी बसायला काहीतरी द्या.