करंट नसलेली तार

"रिचार्ज मारलेला हाय, दांड्या पन सगल्या हायत, मंग नेट कुटं गेलं?" गोजराबाईंनी मोबाइल कमलाकांतच्या नाकासमोर धरला.

मुरबे गावात इंटरनेटच्या तारा ओढणाऱ्या कमलाकांतचे हा प्रश्न ऐकून कान किटले होते. त्या दांड्या फक्त घरातल्या वायफायच्या खोक्यापासून मोबाइलपर्यंतच्या. नेट काही खोक्यात जन्माला येत नाही, ते बोईसरहून तारेतून येतं, तार तुटली की खोकं नुसतं शोभेला उरतं, हे त्याने पुन्हा एकदा सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि खोकं बंद करून चालू केलं.

आज चिडायलाही सवड नव्हती. गोजराबाईंची नात मेघाली इस्त्रीचा ड्रेस घालून लॅपटॉपपुढे बसली होती. पुण्याच्या कंपनीची मुलाखत थोड्याच वेळात होती, आणि त्या गल्लीत मोबाइलवरून धड हॅलोसुद्धा पोचत नसे. वेळ चुकली तर पुन्हा बोलावणार नाहीत, एवढंच ती म्हणाली होती.

तारेचा माग काढत तो घरामागे गेला आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. मासळी वाळवायच्या वलांडीवर जागा न उरलेले बोंबील, जबड्यात जबडा अडकवून, त्याच्या तारेवर वाळत होते. वजनाने लोंबू नये म्हणून तार ओढून, होडी बांधतात तशी पक्की गाठ खांबाला मारलेली होती.

"हे कुनी केलं?"

"मी," गोजराबाई म्हणाल्या. "तूच सांगलंस ना, हिच्यात करंट नाय म्हनून."

सांगितलं होतं खरं. तार लावताना म्हातारी शॉकच्या भीतीने भांडत होती, तेव्हा त्यानेच समजूत काढली होती की आत केसाएवढी काच आहे आणि तिच्यातून नुसता उजेड धावतो. काच मुडपली की तुटते, हे सांगायचं राहून गेलं. त्याला म्हातारीचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

बोंबील पाटीत उतरवून त्याने गाठ कापली. तार सोलून जोडणीच्या मशीनमध्ये काचेच्या टोकाला टोक लावलं, पण समुद्रावरचा वारा ते जागेवर राहू देईना. तो मशीनला शिव्या घालत होता, वाऱ्यालाही. आतून मेघालीने एकदाही हाक मारली नाही, याचा त्याला जास्त त्रास होत होता.

शेवटी तार जुळली. तो धावत आत आला. खोक्यावरचा तार तुटल्याचा लाल दिवा गेला होता, पण पडद्यावर कुणीच नव्हतं. मुलाखतीची वेळ संपल्याची एक ओळ तेवढी होती. मेघालीने ती वाचली.

"लागलं?" मासळीचे हात म्हणून गोजराबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या होत्या. पडद्याची पाठ त्यांच्याकडे होती. "माज्या बोंबलांनी तुजा खोळंबा तर नाय ना झाला?"

कमलाकांतने तोंड उघडलं. ऐकवायला त्याच्याकडे पुष्कळ होतं.

"नाय आजी, थांबलेत ते," मेघाली म्हणाली. ती सावरून बसली, कानात इयरफोन घातले आणि रिकाम्या पडद्याकडे बघत बोलू लागली. "नमस्कार सर. माझं नाव मेघाली."

तिने शिक्षण सांगितलं, गाव सांगितलं. समोरून कुणी विचारत असल्यासारखी ती मधूनमधून थांबत होती. गोजराबाई श्वास रोखून ऐकत होत्या. कमलाकांत भिंतीला टेकून खाली बसला आणि तिचं बोलणं संपेपर्यंत जागचा हलला नाही.