मुलीचे पेढे

मी गेनबा पेंटर. हडपसर गावठाणातले निम्मे बोर्ड माझ्या हातचे. चौथी नापास हाय, पण अक्षर मास्तराला लाजवंल असं.

मगरपट्ट्यात काचेच्या बिल्डिंगा उठल्या, तेव्हाची गोष्ट. पगार वाढले, दारात गाड्या आल्या, आन् बालवाडीत पोरी कमी दिसायला लागल्या. एक सोनोग्राफीवाला डॉक्टर पोटात काय हाय ते गुपचूप सांगतो, मुलगी असली तर पाडून देतो, असं सगळं गाव बोलायचं. आमच्या आप्पासाहेबांनी त्याच्या दवाखान्यावर मोर्चा ठरवला. जमीन बिल्डरला देऊन मोकळे झालेले, वेळच वेळ. कुठनंतरी एक फोटो घेऊन आले, तुकडे केलेल्या बाळाचा. म्हणाले, "गेनबा, दहा फूट काढ. लाल रंगाला हात आखडू नको."

काढलं. लय जिवंत काढलं, तीच चूक झाली.

माझी नात संस्कृती तेव्हा पहिलीत. शाळेतनं आली, पडवीत वाळत ठेवलेला बोर्ड तिनं बघितला. पण तिची आई, माझी सून दीपमाला, सात महिन्यांची गरोदर, तिला जवळ घ्यायला गेली तर पोरगी माझ्या मागं लपली. हळूच विचारते, "आबा, आई पण बाळाला असं करणार हाय?"

दोन दिवस आईजवळ गेली नाय. सून पोरीचं ताट माझ्याजवळ ठेवून जायची. भांडली असती तर बरं वाटलं असतं. मी पांढऱ्या रंगाचा डबा फोडला आन् सगळा बोर्ड झाकून टाकला.

आप्पासाहेब आले. "चित्र कुठाय?"

"झाकलं."

"उद्या मोर्चा, आन् तू मलाच चुना लावतो?"

"वाटेत दोन शाळा हायेत. पोरं बघतील."

"लोकांना धक्का बसायला पायजे, गेनबा."

"धक्का बसला की माणूस डोळं मिटतं. मिटल्या डोळ्यांनी माझं अक्षर कोण वाचणार? आन् आत जाणारी बाई काय कसाई नाय. बऱ्याचदा तिला ओढत आणलेली असती. तिच्या तोंडावर रक्त फेकून काय मिळणार?"

"मग काय, ओवाळू तिला?"

"राग मानू नका. नातू झाला तेव्हा काय वाटलंत?"

"पेढे."

"आन् नात झाली तेव्हा?"

"बर्फी. रीतच हाय ती. मुलग्याचा पेढा, मुलीची बर्फी." मग म्हणाले, "बर्फी पण चांगली व्हती."

"पोरगी उणी ठरती ती हितनं. डॉक्टर तर लांबच राहिला."

आत माझी बायको मंदाकिनी मोठ्यानं खोकली, म्हणजे आता गप्प बसा. आप्पासाहेबांनी पांढऱ्या बोर्डाला बोट लावून बघितलं, वाळलाय का. म्हणाले, "लिही, काय लिहायचं ते."

निळ्या रंगात, फूटभर अक्षरात लिहिलं: मुलगी झाली? पेढेच वाटा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या समोर, रस्त्याच्या पल्याड उभे राहिलो. घोषणा नाय, कुणाची वाट अडवायची नाय. एक सासू सुनेला घेऊन आली. आप्पासाहेबांनी मान लववली आन् पेढ्यांचा बॉक्स पुढं धरला.

"मुलगा झाला का?" सासूनं विचारलं.

"नात. सहा वर्षं झाली. तिचे पेढे द्यायचे राहिले व्हते."

सासू हसली नाय. सुनेनं मात्र बोर्ड वाचला, पेढा घेतला आन् उभ्या उभ्या खाल्ला. पुढं त्या आत गेल्या का घरी, मी बघितलं नाय. बघायचं नाय, असंच ठरलं व्हतं आमचं.

तेवढ्यात शाळा सुटली. बाई पोरांची रांग आमच्या समोरनंच घेऊन आल्या, कुणाचे डोळे झाकायला लागले नाय. दीपमाला न्यायला आलीच व्हती. संस्कृतीनं एकेक अक्षर लावून बोर्ड वाचला आन् अख्ख्या रांगेला सांगितलं, "माझ्या आबांनी लिवलंय." एवढ्या वर्षांत पुष्कळांनी शाबासकी दिली, पण अशी छाती कधी फुगली नाय.

मग पोरीनं आईचा हात धरला. "आई, आपल्याला मुलगी झाली तर किती किलो?"

"तुझ्या आबांना विचार."

"पाच," मी म्हणलं. पाच म्हणजे सगळी आळी खाऊन वर उरतात.