बोक्याचं डोकं

"पुढून हंस, मागून कुत्रा," चित्रं काढणारी पोरगी म्हणाली आणि कागद माझ्यासमोर धरला.

"कुठला कुत्रा?"

"एकच तर आहे, मावशी. तो कोपऱ्यातला."

मी कोपऱ्याकडे बघितलं नाही. माझ्या हातात सशाची पाठ होती आणि तिला मी कावळ्याचे पंख बसवत होते. याचं नाव ससकावळा. शेजारी घारमांजर वाळत पडलं होतं. खिडकीतल्या कुंड्यांत दातकोबी होते, म्हणजे कापडाचे कोबी आणि त्यांत मेलेल्या कोल्ह्यांचे दात. गोंदाचा वास नाकात असा बसला होता की सकाळचा चहासुद्धा त्याच वासाचा लागला. बागेचं नाव अद्भुतनगरी. माणसं तिकीट काढून हे बघायला येणार होती.

मला किळस येते. उगाच सभ्य शब्द कशाला शोधू?

मी पेंढा भरते. मेलेल्या जनावराचं कातडं सोलायचं, कमवायचं, आत लाकूड, तार, पेंढा घालून ते पुन्हा उभं करायचं. संग्रहालयात अण्णा, म्हणजे माझे वडील, हेच करायचे, आणि त्यांच्यामागून मी. संग्रहालय बंद पडलं तेव्हा अद्भुतनगरीवाल्यांनी सगळे प्राणी काचेच्या कपाटांसकट उचलले. बरणीबरोबर झाकण यावं तशी मीही आले.

"हे खातं काय गं?" पहिल्या आठवड्यात मी त्या पोरीला विचारलं होतं. "चोच हरणाच्या तोंडाला. गवत कसं चावणार ते?"

"मावशी, ते खरं थोडंच आहे."

"हरीण तर खरं होतं."

वाईट नाही पोरगी. हात चांगला आहे तिचा. तिच्या कागदावर ही सगळी धेडगुजरी जनावरं अगदी पटतात, आत्ता उठून चालतील अशी वाटतात, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

कोपऱ्यातला कुत्रा आमचा होता. पिल्लू असताना दूध चोरून प्यायचा म्हणून नाव बोक्या. तो ट्रकखाली गेला तेव्हा मी शाळेत होते. अण्णांनी त्याला गोणपाटात गुंडाळून संग्रहालयात नेलं आणि काही दिवसांनी तो काचेमागे उभा राहिला. एक कान ताठ, एक पडलेला, खाली पाटी: कुत्रा, पाळीव.

आई भडकली. "मेलेल्याला मेलेलं राहू द्यावं माणसानं. घरच्या जनावराची कातडी सोलवली तरी कशी तुम्हाला? शी!" कितीतरी दिवस ती अण्णांच्या हातचं पाणी घेत नव्हती. संग्रहालयाची पायरी तर ती कधीच चढली नाही. मी मात्र शाळा सुटली की जाऊन त्या काचेला नाक लावायचे.

दुपारी मॅनेजर आला. "बाई, उद्या पाहुणे येतायत. हंसकुत्रा आज व्हायला हवा."

"दुसरा कुत्रा आणा."

"आता कुठून आणू? आणि यात असं वेगळं काय आहे? आत पेंढाच ना?"

"आमच्या घरचा आहे तो."

तो जरा थबकला, एवढं खरं. मग म्हणाला, "तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या. सुताराला सांगतो. करवत आहेच त्याच्याकडे."

सुतार दाराशी फळ्या कापत होता. भुसा उडत होता. ती करवत बोक्याच्या मानेवर फिरताना मला दिसली.

"करवत नको," मी म्हणाले. "मी करते."

बोक्याला टेबलावर घेतलं आणि आधी गळ्यातला पट्टा सोडला. ट्रकने मान चहूबाजूंनी फाटली होती. अण्णांनी ती शिवली होती आणि शिवण दिसू नये म्हणून वर पट्टा चढवला होता. म्हणजे कापायची गरजच नव्हती, उसवलं की झालं. पण टाके इतके बारीक होते की नखाने चाचपून शोधावे लागले. एकेक टाका तोडत गेले. आतून जुन्या पेंढ्याचा कोंदट वास आला. शेवटचा दोरा सुटला आणि डोकं माझ्या हातात आलं.

या हातांनी आजवर काय काय सोललं आहे. पण तेव्हा मी धावत मोरीवर गेले आणि भडभडून ओकले.

पोरगी पाण्याचा ग्लास घेऊन मागे उभी होती. "मावशी, चित्र बदलू का मी?"

"आता काय बदलतेस, बाई."

हंसाची मान मी अण्णांच्याच भोकांतून शिवली. त्यांच्याइतकीच बारीक. काम घाणेरडं असलं तरी मला गचाळ करता येत नाही. मॅनेजर येऊन बघून गेला, वा म्हणाला, आणि टेबलावरच्या डोक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "उरलेलं खोक्यात टाका."

खोक्यात मांजराची डोकी होती, घारीचे पाय होते, हरणाचे ओठ होते. मी डोकं आणि पट्टा माझ्या पिशवीत घातला. कोणी अडवलं नाही.

घरी आई वाटाणे सोलत बसली होती. "काय आणलंस?"

आता ही घर डोक्यावर घेणार, असं मनाशी धरून मी बोक्याला बाहेर काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. तिने वाटाण्यांची परात बाजूला सारली, हात पुसले, आणि डोकं मांडीवर घेतलं. अंगठ्याने नाकावरची धूळ पुसली.

"कान पडलेलाच ठेवला होता त्यांनी," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, सरळ केला असेल."

"नाही केला."

आईने पिशवी ओढली आणि आत डोकावून पाहिलं.

"बाकीचा कुठाय?"

"कामावर," मी म्हणाले.

तिने पिशवीतून पट्टा काढला, बोक्याच्या कानांखाली धरून बघितला. बांधायला मान नव्हती. मग तिने तो नीट गुंडाळला आणि मुठीत धरून बसली.