एलरिकचा दोर

सेमननं छपराच्या वाशामागे हात घालून दोर ओढला, तशी वर्षभराची धूळ त्याच्या डोक्यावर आली. दारात उभ्या असलेल्या ब्रूलांच्या कारभाऱ्यानं, फल्कनं, बाही नाकाला लावली.

“हाच ना? उद्या घेऊन ये. राजाचे न्यायाधीश विचारणार, लोकांना फाशी द्यायचा हक्क ब्रूल मालकांना कुणी दिला म्हणून. सनद नाही आमच्याकडे. पण मालकांच्या पणजोबांनी तुझ्या आज्याला लटकवलं, हे गावाला ठाऊक आहे. इतका जुना दाखला मिळाला की हक्क कायम.”

“म्हणजे माझा आजा मेला, तो तुमच्या कामी आला.”

“तोंड सांभाळ. शपथेवर सांगायचा मान तुझ्या घराला मिळतोय.”

मान! सेमनची कानशिलं तापली. ब्रूलांची वंशावळ बावीस हात कातड्यावर लिहिलेली होती. कुणाच्या पोटी कोण, कुणाला कुठलं रान, कुठली गिरणी. तिच्यात त्यांनी लटकवलेला सेमनचा आजा एलरिक नव्हता. एलरिकला जपलं होतं ते सेमनच्या घरानं. दरवर्षी कापणी उरकली की गाव त्याच्या अंगणात जमायचं, त्याच्या फाशीचा दोर हातोहात फिरायचा आणि निर्दोष एलरिक फाशीच्या खांबाखाली काय बोलला ते सेमन शब्द न चुकवता सांगायचा. विसरायचं नाही आणि माफही करायचं नाही, असं बापानं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. आता हरामखोरांना नेमकी तीच आठवण हवी होती.

फल्क गेला आणि सेमनची मुलगी इडोनी चुलीपासून उठली. तिचा नवरा हॅमो आठ दिवस मालकाच्या कोठडीत होता. मालकाची मेंढी त्याच्या कुंपणात सापडली होती. फाशीचा हक्क मालकाकडे राहिला तर शनिवारी हॅमो लटकणार होता. हक्क गेला तर खटला राजाच्या न्यायाधीशांपुढे चालणार होता, आणि मेंढी आपल्या पायांनी आत आली हे तिथे कुणीतरी ऐकून घेतलं असतं.

“बाबा, तुम्ही तर जन्मात खोटं बोलला नाहीत.”

“नाही.”

“आणि खोट्या शपथेला नरक.”

“हो.”

“मग हॅमो गेलाच म्हणायचा.”

सेमन दोराची गाठ चाचपत बसला.

दुसऱ्या दिवशी गावातले बारा जण शपथेला उभे राहिले. सेमन पहिला. त्यानं बायबलवर हात ठेवला.

“तुझा आजोबा एलरिक ब्रूलांच्या फाशीवर गेला?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही, साहेब. तापानं गेला. अंथरुणात.”

फल्क ताडकन उठला. “धादांत खोटं! दोर कुठाय? काल मी स्वतः पाहिलाय.”

“बाहेर आहे. गाय बांधलीय त्यानं.”

न्यायाधीश उरलेल्या अकरा जणांकडे वळले. सगळे ती गोष्ट ऐकत म्हातारे झालेले. लोहार गॉडविननं आपल्या पायातल्या जोड्यांकडे पाहिलं.

“ताप,” तो म्हणाला.

“तापच,” पुढचा म्हणाला.

“पोटही बिघडलं होतं म्हणे,” तिसऱ्यानं भर घातली.

अकराही जणांनी एलरिकला अंथरुणात मारलं. ब्रूलांचा हक्क राजाकडे जमा झाला आणि हॅमोला गाडीत घालून शहरच्या तुरुंगात नेलं. सेमन गाय सोडून घरी आला. त्या दिवसापासून तो प्रार्थनेला चर्चच्या दाराबाहेरच उभा राहू लागला.

कापणीच्या आधी हॅमो निर्दोष सुटून आला. शेवटची पेंढी पडली आणि गाव नेहमीसारखं अंगणात जमलं. इडोनीनं पाव आणि बिअर आणली. कुंपणापाशी फल्कचा माणूस कान टवकारून उभा होता.

बिअर संपली, बोलणं संपलं. तुरुंगातून आलेल्या हॅमोला त्या शपथेबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

“बाबा,” तो म्हणाला, “यंदा एलरिकची गोष्ट नाही का?”

सेमननं कुंपणाकडे पाहिलं, मग जावयाच्या धडधाकट मानेकडे.

“गोष्ट कसली? तापानं गेला तो.”

शेजारी बसलेल्या गॉडविननं दोर घ्यायला सवयीनं हात पुढे केला होता. तो त्यानं हळूच मागे घेतला.