पंचेचाळीस सेंटिमीटरचा बाक

घरापासून अक्काच्या दारापर्यंत सहाशे चाळीस पावलं होती. सासूबाईंनी ती स्वतः मोजली होती. तीनशे पावलांवर एक जुना लाकडी बाक होता. तिथे त्या पाच मिनिटं टेकायच्या, गुडघ्यांची समजूत काढायच्या आणि उरलेली वाट धरायच्या.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला जिना उतरवत नव्हता आणि कानांनी ती ठार बहिरी होती, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. रोज चार वाजता दोघी पत्ते खेळायच्या. अक्का लबाडी करायची, सासूबाई पकडायच्या, दोघी भांडायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डाव मांडायच्या.

सासूबाई लेक-जावयाकडे राहायच्या. जावई फिटर होता. रस्त्यावरचे बाक बदलायचं काम त्याच्याच कंत्राटदाराला मिळालं, तेव्हा तो घरी येऊन चपला काढायच्या आधीच सांगू लागला.

"आई, आता सगळं नियमाप्रमाणे. दोन्हीकडे हात, टेकायला पाठ, शेजारी चाकाच्या खुर्चीला मोकळी जागा. आणि बसायची उंची पंचेचाळीस सेंटिमीटर."

"पंचेचाळीसच का हो?"

"तेवढ्यावर पाय नीट टेकतात आणि उठायला सोपं जातं. बाक खाली गेला की सगळा भार गुडघ्यांवर येतो."

"इतकं बोलता येतं तुम्हाला? मुलगी बघायला आलात तेव्हा तर पोहणाऱ्या माशासारखं नुसतं तोंड उघडत-मिटत होतात."

नेहमी आधी फरशी बसते, मग बाक. या वेळी फरशीचा माल अडकला होता आणि रस्ता खुला करायची तारीख ठरली होती, म्हणून बाक आधी बसवायचे ठरले. फिटरने काँक्रीटवर टेप उभी धरली. पंचेचाळीस. एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. टेपसकट फोटो काढला, कारण फोटोशिवाय काम पास होत नाही. मग नट आवळून त्यांची पाना लागणारी डोकी कापून टाकली, म्हणजे चोरांना ते खोलता येऊ नयेत. असे अठ्ठावीस बाक त्याने बसवले. सासूबाईंच्या वाटेवरचा बाक त्याने फडक्याने पुसूनही घेतला.

आठ दिवसांनी फरशीवाले आले. त्यांनी काँक्रीटवर चार सेंटिमीटर वाळू पसरली, तिच्यावर आठ सेंटिमीटरचे ठोकळे बसवले आणि निघून गेले.

रस्ता खुला झाला त्या दिवशी सासूबाई निघाल्या. नव्या बाकावर बसल्या, म्हणजे जवळजवळ पडल्याच. पाच मिनिटांनी उठायला गेल्या, तर उठवेना. हातांवर जोर दिला, पुढे झुकल्या, पुन्हा मागे बसल्या. लोक येत-जात होते. कुणाला हाक मारायची त्यांना लाज वाटली. त्या दिवशी फिटर साडेपाचलाच कामावरून परतला, तेव्हा त्या तिथेच होत्या.

"आई! पत्ते लवकर संपले का?"

"सुरूच झाले नाहीत. उठवा मला आधी."

त्यांना उभं करून त्याने खिशातली टेप काढली. तेहतीस. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा तेहतीसच.

दुसऱ्या दिवशी तो काम पास करणाऱ्या इंजिनिअरसाहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, चूक माझी आहे. वर फरशी येणार हे मी धरलंच नाही."

साहेबांनी फाइल उघडून त्यानेच काढलेला फोटो त्याच्यापुढे सरकवला. "ही टेप काय सांगते?"

"पंचेचाळीस. पण साहेब, आता..."

"आता काय? खाली माझीही सही आहे. अठ्ठावीस बाक उखडायचे, म्हणजे सगळी फरशी उखडायची. कोण देणार मंजुरी? मी बसून बघितलं, मला तर सहज उठता आलं."

साहेब पस्तिशीचे होते.

फिटरने घरी लाकडाची जाड बैठक बनवून बाकावर ठेवली. बाकावर सुटी वस्तू ठेवायची नाही, असाही नियम होता; झाडणाऱ्याने ती संध्याकाळी गाडीत टाकली. मग सासूबाई जाड उशी काखेत घेऊन निघाल्या. बाकावर ठेवून बसताच उशी दबून चपटी झाली. त्या दिवशी एका दूधवाल्याने त्यांना उठवलं.

"रविवारी मी नेईन तुम्हाला," फिटर म्हणाला. एरवी तो आणि बायको दोघेही अंधार पडताना घरी यायचे.

"रविवारी तर नेतातच सगळे," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांना वाटलं आपण फार टोचून बोललो. "चहा घ्या. निवतोय."

रविवारी नेलं तेव्हा फिटरने अक्काला कागदावर लिहून दिलं, की बाक बुटका झालाय. अक्काने ते दोनदा वाचलं. "बाक कसा बुटका होईल? खेळात हरते म्हणून रुसलीय ती," ती मोठ्याने म्हणाली आणि पत्ते पिसू लागली.

पुढच्या आठवड्यात एकदा फिटरला त्याच रस्त्यावर दिव्याचा खांब बसवायचं काम होतं. चार वाजता सासूबाई येताना दिसल्या. त्या बसल्या नाहीत. बाकाच्या मागे जाऊन त्यांनी पाठ दोन्ही हातांनी धरली. ती त्यांच्या कमरेच्याही खाली येत होती, म्हणून वाकून उभ्या राहिल्या. तिथून अक्काची खिडकी दिसते. अक्का खिडकीत होती. तिने पत्त्यांचा जोड उंच धरून दाखवला आणि हाताने खुणावलं, ये.

सासूबाईंनी एक हात सोडून हलवला, तोल गेला तसा पुन्हा बाक धरला. मग त्या घराकडे वळल्या; न टेकता तिथवर जाऊन परत येणं त्यांना जमणारं नव्हतं.

फिटर खांब धरून होता. त्याला तो सोडता येत नव्हता. खिडकीत अक्का अजून खुणावत होती, ये, ये ना.