गव्हाणीसमोरचा हात

डेअरीच्या तपासनीस बाईंनी या गोठ्याच्या तपासणीचं काम मुद्दाम मागून घेतलं होतं. गोठा त्यांच्या थोरल्या दिरांचा. नवरा गेल्यावर याच माणसाने त्यांना नेसत्या कपड्यानिशी बाहेर काढलं होतं. हे नातं त्यांनी ऑफिसात लपवलं. आज गुण कमी पडले की डेअरी दूध घेणं बंद करणार, मग मेला बसेल बोंबलत. करावं तसं भरावं.

पण दिरांनी गोठा लख्ख करून ठेवलेला. खाली कोरडा भुसा, हौदात स्वच्छ पाणी, एकही गाय लंगडत नव्हती. सोबत आलेले डेअरीचे साहेब खूश झाले. बाईंचा नुसता जळफळाट.

उरली भीतीची चाचणी. गव्हाणीसमोरून अनोळखी माणसाने हात पुढे करून सावकाश चालत जायचं आणि गाय किती अंतरावर मागे सरते ते मोजायचं. मार खाल्लेली गाय लांबूनच सरकते, तिला सोंग जमत नाही.

बाई निघाल्या आणि घात झाला. तांबडी गाय मान लांबवून त्यांचा हात चाटायलाच लागली. मग तिच्या शेजारची. या गाई वासरं होत्या तेव्हा बाईंनीच त्यांना बाटलीने दूध पाजलं होतं, त्या कशाला मागे सरतील? दीर मिशीत हसले. जिला हाकललं तिच्याच मायेचे गुण आता या मेल्याच्या पदरात!

खोटे गुण लिहायला कुणी हात धरला नव्हता. पण मग दोघं एकाच माळेचे मणी. बाईंनी पेन खिशात घातलं.

"माझी चाचणी बाद धरा, साहेब. मी यांच्या धाकट्या भावाची बायको, या गाई मला ओळखतात. हे मी लपवलं, नोकरी गेली तरी चालेल. आता तुम्ही चाला."

दिरांचा चेहरा खर्रकन उतरला. घरचं भांडण घरात मिटवू, असं ते पुटपुटले. साहेबांनी तोवर हात पुढे केला होता. ते अजून लांबच होते, पण अख्खी रांग मागे उसळली. तांबडी तर भिंतीला चिकटून थरथरत उभी राहिली. साहेबांनी दिरांकडे पाहिलं आणि शेरा लिहिला.

"अगं, आपल्याच घरावर उलटलीस?" दीर म्हणाले.

"गाई विकायला काढाल तेव्हा कळवा, भाऊजी," बाई म्हणाल्या. "तांबडी मी नेणार. आणि तिचं दावं सोडायला तुम्ही जाऊ नका, ती घाबरते तुम्हाला."