भिंतीला भिंत

फरशीचा व्यापारी आमच्याकडे आला तेव्हा मी एका आजोबांच्या कवळीत दात बसवत होतो. मेण गरम असताना हात थांबवता येत नाही, त्यामुळे त्याला दारातच दोन मिनिटं उभं राहावं लागलं. तेवढ्यात त्यानं घर बघून घेतलं. पूर येऊन तीन महिने झाले होते. भिंती खरवडून झाल्या होत्या, रंग राहिला होता, आणि पाणी चढल्याची तपकिरी रेघ माझ्या छातीच्या उंचीनं सगळ्या खोल्यांतून फिरत होती.

"इथवर?" त्यानं रेघेवर बोट ठेवून विचारलं.

"इथवर."

"आमचं काय हो, फरशी! भिजली तर पुसून ठेवायची." तो हसला. मग त्यानं मुद्द्यालाच हात घातला. आमचं घर कोपऱ्यावरचं, एक अंग गल्लीला, दुसरं मोठ्या रस्त्याला. त्याला दुकानासाठी अशीच जागा हवी होती. भाव त्यानं पुराआधीचा सांगितला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा तरतरी दिसली.

"आणि शेजारचं?" मी विचारलं.

"ते आतलं. त्याला रस्ता कुठाय?"

शेजारचं घर माझ्या ताईचं होतं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावण्यात तिची हयात गेली. भावजी गेले तेव्हा तिनं एक फ्लॅट जवळजवळ पक्का केला होता. गावाच्या उंच भागात, तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीतून बाग दिसणारा. मी तिला तो घेऊ दिला नाही. "एकटी कुठं राहतेस तिकडे? माझ्या शेजारचं घर विकायला निघालंय. भिंतीला भिंत. तू नुसती हाक मार, मी हजर." महिनाभर मी तिच्या कानाशी हेच घोकत होतो.

ते खोटं नव्हतं, पण हत्तीचे दाखवायचे दात वेगळे. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, बायकोची नोकरी नवी होती, आणि सांभाळायला येणारी बाई नेमकी त्याच आठवड्यात सोडून गेली होती. ताई आली आणि आमचा प्रश्न सुटला. मुलगी आत्याच्या हातचं खाऊन, आत्याकडे अभ्यास करून मोठी झाली. आता ती कॉलेजात आहे.

ताईनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं कौतुक सांगायची, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आमच्या धाकट्यानं भरून दाखवलं!"

आता पुराचा दिवस. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

शनिवारची दुपार होती. बायको कामावर, मुलगी मैत्रिणीकडे. मागच्या ओढ्याचा बांध फुटला आणि पाणी गल्लीत शिरलं. मला वाटलं होतं, घोट्यापर्यंत येईल आणि ओसरेल. पण अर्ध्या तासात ते उंबऱ्यावर चढलं. माझ्याकडे तेव्हा तेवीस कवळ्यांचं काम तयार होतं, प्लॅस्टरचे साचे, नवी भट्टी, पॉलिशची मोटर. आमच्या घराला वरची खोली आहे. मी एकेक वस्तू उचलून वर नेऊ लागलो. भट्टी जड, एकट्यानं उचलायची म्हणजे कंबरडं मोडायची गोष्ट. मी ती छातीशी धरून जिन्याच्या मधल्या पायरीवर असताना खिशातला फोन वाजला. भट्टी वर ठेवली आणि बघितलं, तर ताईचा. मनात म्हटलं, आता जातोच आहे, तेवढे साचे घेतो. साचे घेताना पुन्हा वाजला. पुन्हा बघितलं. पुन्हा ठेवला.

मी तिच्याकडे पोचलो तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. ती ओट्यावर चढून उभी होती, गुडघा धड वाकत नसताना कशी चढली कोण जाणे. एका हातानं खिडकीचा गज धरला होता. पाणी ओट्याच्या वर आलं होतं. मी तिला पाठीवर घेतलं आणि भिंत धरत धरत आमच्या वरच्या खोलीत आणलं. ती कुडकुडत होती. तिथं भट्टी, मोटर, साचे, सगळं कोरडं ठणठणीत मांडून ठेवलेलं होतं, पण तिला तेव्हा काही बघायचं भान नव्हतं.

"फोन केला होता रे तुला," ती म्हणाली.

"फोन खाली टेबलावर राहिला होता, ताई. पाण्यात गेला."

तो चालू फोन मी वरच्या कपाटात कपड्यांखाली लपवला आणि दुसऱ्या आठवड्यात नवा घेतला. त्यानंतर ताई गल्लीभर सांगत फिरायची, "फोन पाण्यात गेला होता बिचाऱ्याचा, नाहीतर एका मिनिटात आला असता. तरी आला बघा, जिवावर उदार होऊन!" लोक माझ्याकडे आदरानं बघायचे. मी चपलेचा पट्टा नीट करायचो.

व्यापारी गेल्यावर बायको म्हणाली, "देऊन टाकू या. मला आभाळ भरून आलं की रात्रभर झोप लागत नाही. ताईंना आपल्याबरोबर नेऊ. नव्या जागेत त्यांची वेगळी खोली करू."

"ती नाही यायची."

"विचारलं का?"

विचारायला म्हणून मी तीनदा शेजारी गेलो. पहिल्यांदा ओल्यानं फुगलेला तिचा दरवाजा रंधा मारून दिला. दुसऱ्यांदा नळाची तोटी बदलली. तिसऱ्यांदा बदलायला काही उरलं नव्हतं, तेव्हा चहा पिऊन आलो. लोकांच्या तोंडात दात बसवणाऱ्या माणसाची दातखीळ बसली होती.

शेवटी व्हायचं तेच झालं. व्यापाऱ्यानं मोजमापाला दोन माणसं पाठवली आणि ती चुकून ताईच्या दारात टेप लावून उभी राहिली. तिनं त्यांना पाणी दिलं, सगळं विचारून घेतलं, आणि मग मधल्या भिंतीवर उलथनं आपटलं. मला बोलवायची तिची तीच पद्धत.

"बस," ती म्हणाली. "घर विकतोयस?"

"अजून ठरलं नाही."

"ठरायच्या आधीच टेप लावतात होय?"

"तुला सांगणारच होतो."

"कधी? ट्रक दारात लागल्यावर?" मग ती हसली. "दुसऱ्यांची तोंडं उघडून बसतोस आणि तुझ्या तोंडातून शब्द काढायचा तर सांडशी लागते. वीक की. तुझं घर आहे, कोण नाही म्हणतंय?"

"पण तुला मी आणलं इथं. तो फ्लॅट घेतला असतास तर..."

"मुलगी सांभाळायला आणलंस."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मी काय दूधखुळी होते? तुझी बाई पळाली आणि दुसऱ्याच दिवशी तुला बहिणीचं प्रेम आलं. कळत होतं मला. पण मलाही रिकाम्या घरात बसून बाग बघायची नव्हती. पोरीनं माझे दिवस काढले. तुझ्या डोक्यात ते असेल तर काढून टाक."

मी तिथंच उठायला हवं होतं. बारा वर्षांचं ओझं तिनं एका वाक्यात खाली ठेवलं होतं. पण ती पुढं बोलली, "आणि त्या दिवशी फोन नसताना तू आलास. दुसरा कुणी आधी आपलं घर बघत बसला असता."

"फोन होता, ताई."

"काय?"

"फोन माझ्या खिशात होता. पाण्यात नव्हता पडला. मी भट्टी वर नेत होतो. साचे नेत होतो. तुझा फोन वाजला तेव्हा वाटलं, हे एवढं झालं की जातो."

ताईनं माझ्या हातांकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "दोन्ही वेळा बघितलास?"

"हो."

"माझं नाव दिसलं?"

"हो."

बाहेर मोजमापवाल्यांपैकी एकजण आकडे ओरडून सांगत होता आणि दुसरा ते पुन्हा म्हणत होता.

"मला थंडी फार वाजत होती रे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "कशाला सांगितलंस हे?"

"मनात ठेववत नव्हतं."

"आणि आता तुला हलकं वाटेल. मी काय करू त्याचं?"

सुचलं ते बोलून गेलो. "मी नाही विकत. इथंच राहतो, तुझ्या शेजारी."

"माझ्यासाठी नको राहूस. शेजारी होतास तेव्हा काय झालं?" ती उठली, कप विसळून पालथे घातले, आणि मी जाईपर्यंत वळली नाही.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस सगळ्यांना खोटं सांगत होते." तीही येता-जाता तेच सांगायची, माझा नवरा कसा धावला ते.

पंधरा दिवस मी व्यापाऱ्याला टोलवलं. मग त्यानं दुसरी जागा बघितल्याचं कळलं आणि मी सही केली. खरं कारण सांगायचं तर ताईशेजारी राहणं मला झेपत नव्हतं. उलथनं आता वाजत नव्हतं. भिंतीपलीकडे तिचा रेडिओ लागायचा, बंद व्हायचा, आणि मी इकडे मेण तापवत तो ऐकत बसायचो. मुलगी आत्याला आमच्याबरोबर चल म्हणायला दोनदा गेली. ताईनं तिला जवळ घेतलं, जेवू घातलं, आणि परत पाठवलं. "मला इथली सवय झालीय," एवढंच म्हणाली.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहायला गेलो. भट्टी चढवायला तीन माणसं लागली. रविवारी मी ताईकडे जातो. ती दार उघडते, चहा करते, मुलीच्या परीक्षेचं विचारते. भांडण नाही, अबोला नाही. पण दात कोरण्याचा तो विनोद तिनं पुन्हा कधी केला नाही.

पुढच्या वर्षी एका दुपारी पाऊस कोसळायला लागला. मी हातातली कवळी तशीच टाकली. मेण थिजलं, दात वाकडे बसले, तरी वळून बघितलं नाही. गाडी काढून अठरा मिनिटांत गल्लीत पोचलो. ताईच्या दाराला कुलूप होतं. मी ते ओढून बघितलं.

"अहो, इकडे!" फरशीच्या दुकानातून राखणदारानं हाक मारली.

आमच्या जुन्या घराची वरची खोली आता नमुने मांडायला घेतली होती. ताई तिथं खुर्चीवर बसली होती, औषधांची पिशवी मांडीवर, पाय एका खोक्यावर ठेवलेले.

"आभाळ भरून आलं की हा येतो दार ठोठावायला," तिनं राखणदाराकडे बघून सांगितलं. "तास झाला आम्हाला येऊन. तू कशाला आलास एवढ्या पावसात?"

"सहज," मी म्हणालो.

"भिजलास. बस."

बसायला दुसरी खुर्ची नव्हती. मी फरशांच्या थप्पीवर बसलो. राखणदार खाली जाऊन तिच्यासाठी चहा घेऊन आला, मग माझ्याकडे बघून आणखी एक आणायला गेला. ताई खिडकीतून ओढ्याच्या बाजूला बघत होती. मी तिच्या गुडघ्याची चौकशी केली, ती म्हणाली बरा आहे. पाणी त्या दिवशी गल्लीत आलं नाही. पाऊस थांबल्यावर तिनं जिना उतरायला हात पुढं केला, तो राखणदारानं धरला, कारण तो जवळ उभा होता. मी पिशवी घेतली.